ताईची चौकशी

धाकटी केस विंचरून स्वयंपाकघरात आली, तर ताई तिची कामावरची पिशवी चाचपत होती. डब्याचं झाकण उघडून झालं, छत्रीची घडी उलगडून झाली, चष्म्याच्या घरात बोट घालून झालं. मग मागे कोणीतरी उभं असल्याचं ताईला जाणवलं.

"सुट्टे पैसे बघत होते," ती म्हणाली.

घरातले सुट्टे पैसे वर्षानुवर्षं फडताळातल्या कान तुटलेल्या कपात असत, आणि ते तिथेच ठेवायचे हा नियम खुद्द ताईचा. धाकटी पिशवी उचलून कामावर निघाली. पण जिना उतरताना तिच्या मनात जी पाल चुकचुकली, ती दिवसभर गप्प बसली नाही.

या दोघी सख्ख्या बहिणी. आई लवकर गेली, वडील कामासाठी कायम परगावी, त्यामुळे धाकटीच्या वेण्या घालण्यापासून ते शाळेतल्या बाईंशी भांडून तिला वरच्या वर्गात बसवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. ताई निवृत्त होईपर्यंत शहराच्या बससेवेत तिकीट तपासनीस होती. निळा कोट, पितळी बिल्ला, आणि समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातांकडे बघायची सवय. ती बसमध्ये चढली की ज्यांनी तिकीट काढलंय तेसुद्धा खिसे चाचपायला लागत. कितीही ओळखीचा माणूस असो, ताईने दंड सोडला नाही. एकदा तर तिने स्वतःच्या वरिष्ठाच्या मेव्हण्याला भर रस्त्यात उतरवलं होतं. लग्न तिने केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "एवढी चौकशी पार करून येणार कोण?"

धाकटीने लग्न केलं, संसार केला, आणि नवरा गेल्यावर दोन पेट्या घेऊन पुन्हा ताईच्या दारात उभी राहिली. ताईने दार उघडलं, पेट्या आत ओढल्या आणि म्हणाली, "रस्त्याकडची खोली माझी." त्यापलीकडे त्या विषयावर दोघींत कधी बोलणं झालं नाही. धाकटी दातांच्या एका कारखान्यात कामाला होती. दंतवैद्य लोकांच्या जबड्याचे साचे पाठवत, आणि ती त्यात प्लास्टर ओतून, मेण लावून, एकेक दात बसवून कवळ्या तयार करी. संध्याकाळी घरी येताना केसांत पांढरी धूळ असायची. ताई दारातच म्हणायची, "आधी झटक, मग आत ये."

अलीकडे ताईने ते म्हणायचं सोडलं होतं.

आणखीही बरंच काही सोडलं होतं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कोरं पडून राहायचं. जेवताना ती मोबाईल ताटाशेजारी उपडा ठेवायची आणि न्हाणीघरात जाताना सोबत न्यायची. आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. आणि भलतेच प्रश्न विचारायची.

"तुझ्या त्या कारखान्यात पार्सलं कुठून कुठून येतात गं?"

"दवाखान्यांतून येतात. तयार दातांची पाकिटं येतात, मेण येतं. का?"

"बाहेरगावाहून?"

"येतात की."

"सही कोण करतं?"

"जो दाराजवळ असेल तो. कधी मी, कधी मालक. ताई, का विचारतेस?"

"सहजच," म्हणून ताईने मान खाली घातली आणि घास चिवडत बसली.

धाकटीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पहिल्यांदा वाटलं, वय झालं, विसराळूपणाचा आजार तर नाही? पण ताईला गॅसचा नंबर, विम्याचा नंबर, तळमजल्यावरच्या बाईच्या नातवाचा वाढदिवस सगळं तोंडपाठ होतं. मग वाटलं, घर विकायचा विचार दिसतोय, आणि मला कसं सांगावं हे कळत नाहीये. आणि एका सकाळी बंद दाराआडून पुरुषाचा आवाज ऐकू आला, त्यावर ताईचं हळू आवाजात "हो साहेब, नाही साहेब." धाकटी तिथेच थबकली. या वयात ताईला कोणी भेटलं की काय? तिला हसू आलं, आणि हसता हसता राग आला. आपल्याला ताकास तूर लागू न देता! पण प्रेमात पडलेलं माणूस "हो साहेब" म्हणतं का, हा प्रश्न मात्र सुटेना.

मग एका दुपारी कारखान्यातली भट्टी बिघडली. मालकाने सगळ्यांना घरी जायला सांगितलं. धाकटीने आपल्या किल्लीने दार उघडलं, तर ताईच्या खोलीतून तोच आवाज येत होता. आज तो हळू नव्हता. कोणीतरी ताईला दरडावत होतं. जिच्यासमोर वाहक-चालक चळाचळा कापायचे, तिला!

धाकटीने दार ढकललं.

ताई खुर्चीत ताठ बसली होती. अंगात तो जुना निळा कोट, केस चापून बसवलेले. समोर टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला आणि त्यात पोलिसी गणवेशातला एक माणूस.

"कोण आलं?" तो म्हणाला. "बाई, खोलीत कोणाला येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं ना?"

ताई वळली. बहिणीचा रागावलेला चेहरा धाकटीला पाठ होता, थकलेला पाठ होता, वडील गेले तेव्हाचाही आठवत होता. हा चेहरा मात्र तिने कधी पाहिला नव्हता. ताई घाबरली होती, आणि धाकटीलाच बघून घाबरली होती.

"तीच आहे, साहेब," ताई म्हणाली.

"तीच म्हणजे कोण?" धाकटीने विचारलं.

"धाकटे, तू बाहेर जा. मी बोलतेय ना तुझ्यासाठी. काही कबूल करू नकोस. तोंडातून शब्द काढू नकोस."

"त्यांना समोर बसवा," माणूस म्हणाला. "दोघींचा जबाब एकत्र होईल. आणि दार लावून घ्या."

काय चाललंय हे धाकटीला कळत नव्हतं. पण हा इसम दुसऱ्याच्या घरात बसून दारं लावायला सांगतोय, एवढं कळलं. तिने मोबाईल उचलला आणि फोन कापला.

ताईने झडप घालून तिचं मनगट धरलं. "काय केलंस! अगं, आता ते येतील! तुला घेऊन जातील!"

"मला? कशासाठी?"

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. धाकटीच्या नावाचं एक पार्सल पकडलंय, त्यात बंदी असलेला माल सापडलाय, असा ताईला फोन आला होता. कारखान्याचा पत्ता बरोबर होता, धाकटीचं पूर्ण नाव बरोबर होतं. पडद्यावर शिक्क्याचा कागद दाखवला, त्यावर सही दाखवली. ताईने सुरुवातीला खूप वाद घातला. मग त्यांनी तिला "वरच्या साहेबां"कडे जोडून दिलं. साहेब अदबीने बोलले. टोळी मोठी आहे म्हणाले, बँकेतले लोक सामील आहेत, शेजारीही असू शकतात. बहिणीला चुकूनही सांगू नका, ती पुरावे नष्ट करेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. रोज ठरल्या वेळी हजेरी द्यायची, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आणि बहिणीला अटक होऊ नये म्हणून अनामत भरायची.

ताईने ती भरली होती. आधी बचत खात्यातली, मग मुदत ठेव मोडून.

"चौकशी संपली की परत मिळणार आहे सगळं," ती म्हणाली. पण हे म्हणताना तिचा आवाज चिरकला. जन्मभर दुसऱ्यांचे बहाणे ऐकलेल्या बाईला स्वतःच्या तोंडचा बहाणा ओळखू आला असावा.

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. आणि नवल म्हणजे तिच्या मनात आधी पैसे आलेच नाहीत.

"ताई, तुला खरंच वाटलं, मी असलं काही केलं असेल?"

ताईने कोटाची बटणं सोडायला घेतली. मोबाईल पुन्हा वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. त्या वाजण्यातच धाकटीला आपलं उत्तर मिळालं, आणि ते जिव्हारी लागलं. पण आत्ता जखम कुरवाळत बसायला वेळ नव्हता. तिने तो प्रश्न गिळला आणि उठली.

"पायात काहीतरी घाल. बँकेत चल."

"बँकेत नको! ते लोक सामील—"

"ताई. चल."

बँकेच्या खिडकीवर दातांना तारा लावलेली एक मुलगी होती. धाकटी बोलत असताना ताई तिची बाही ओढून पुटपुटत राहिली, "हिला काही सांगू नकोस, हिच्याही मनात काय आहे कोणास ठाऊक." मुलीच्या कानावर ते गेलं.

"मावशी, सगळ्यांना हेच सांगतात ते," ती म्हणाली. "बँकेशी बोलू नका, घरच्यांशी बोलू नका. बोललात तर त्यांचं काम होत नाही ना."

बोलता बोलता तिची बोटं भराभर चालत होती. तिने दोन-तीन फोन लावले, खातं गोठवलं, तक्रारीचा क्रमांक काढून दिला. सगळ्यात शेवटी पाठवलेले पैसे अजून पलीकडच्या खात्यात होते, ते अडवता येण्यासारखे होते. आधीचे केव्हाच दहा दिशांना गेले होते. धाकटीने तिचे आभार मानले. ताईने मानले नाहीत. ती त्या मुलीच्या हातांकडे बघत होती.

पोलीस ठाण्यात त्यांना एका बाकड्यावर बराच वेळ बसवून ठेवलं. बाकड्यावर आणखीही माणसं होती, आणि एकमेकांकडे न बघण्याची प्रत्येकाची आपापली तऱ्हा होती. शेवटी आत बोलावलं. टेबलामागे एक थोराड अधिकारी डबा खात बसला होता. त्याने तो बाजूला सारला आणि विचारलं, "हां, बोला बाई, काय झालं?"

ताई त्याच्या छातीवरची नावाची पट्टी निरखत होती.

"घाबरू नका. सांगा."

"ओळखपत्र दाखवा," ताई म्हणाली.

अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या, पण दिलं. ताईने ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, नखाने कडा खरवडून बघितली. मग बाहेर जाऊन दारावरच्या शिपायाला विचारून आली की आत बसलेले गृहस्थ खरंच इथलेच का. शिपायाने हो म्हटल्यावर तिने शिपायाचंही ओळखपत्र मागितलं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अधिकारी हसला. "हे सगळं आधी केलं असतंत, बाई, तर इथे यावंच लागलं नसतं."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. एवढा वेळ जिद्दीने ताठ राहिलेले खांदे एकदम खाली आले. ते बघितलं आणि धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ताईने आपल्यावर संशय घेतला, आपलं काय व्हायचं ते होऊ दे, पण म्हणून या माणसाने तिला हसावं?

"ते आम्हाला कळलं, साहेब," ती म्हणाली. "आता तक्रार लिहून घ्या."

अधिकाऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खरंच लिहून घ्यायला लागला. नंतर चहाही मागवला. ताईने तो प्यायला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ताईला वाटे, अख्ख्या इमारतीला कळलंय. जिन्यात कोणी हसलं तर आपल्यालाच हसलं. वीजमोजणीवाला आला तर त्याला दाराबाहेरच उभं केलं. नळ दुरुस्त करणाऱ्याला जिन्यात बसवून तिने त्याच्या कार्यालयात फोन लावला, कार्यालयाचा नंबर खरा का म्हणून आणखी एकाला लावला, आणि एवढं होईतो तो बिचारा पायरीवर झोपून गेला. नळ आणखी एक दिवस गळत राहिला.

धाकटी तिला समजावे. "ताई, ही त्यांची रोजीरोटी आहे. दिवसभर तेच करतात ते. मोठमोठे फसतात." पण ताईचा राग फसल्याचा नव्हताच. "मोठमोठे फसू देत," ती म्हणायची. "मी तपासनीस होते."

आणि धाकटी? ती तरी कुठे निर्मळ राहिली होती? ताई न्हाणीघरात गेली की ती हळूच तिचा मोबाईल उघडून बघायची. कोणाचा फोन आला, कोणाला केला. पाण्याचा आवाज थांबला की मोबाईल जसाच्या तसा ठेवायची. एकदा कारखान्यात दात बसवता बसवता तिच्या मनात आलं, ताई माझी पिशवी चाचपत होती, आणि आता मी तिचा मोबाईल चाचपतेय. त्या गणवेशवाल्याने पैसे नेले ते नेले, पण घरात हे काय सोडून गेला मेला!

तरी तिने बघायचं थांबवलं नाही. आणि म्हणूनच तिला ते दिसलं. एका नंबरावरून पुन्हा पुन्हा फोन येत होते, ताईही करत होती, आणि तो नंबर तिने "बाकडं" या नावाने साठवला होता.

बाकडं! हे काय नाव झालं? धाकटीने अधिकाऱ्याकडून ऐकलं होतं की फसलेल्या माणसाला काही दिवसांनी दुसरे भेटतात. तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणतात, थोडा खर्च येईल म्हणतात. एकदा गळाला लागलेला मासा पुन्हा लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

संध्याकाळी ताई "पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर पडली. एवढे दिवस धाकटीला उंबऱ्याबाहेर पडताना न दिसलेली ताई! धाकटीने अंतर ठेवून पाठ धरली. ताई धोब्याच्या दुकानावरून वळली, औषधाच्या दुकानाशी थांबली, रस्ता ओलांडला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात शिरली. आतल्या टेबलाशी टोपी घातलेला एक वयस्कर माणूस तिची वाट बघत होता. धाकटी काचेबाहेर उभी राहिली. दोघं डोकी जवळ आणून बोलत होती. मग ताईने पर्स उघडली, काही नोटा काढल्या आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवल्या.

धाकटी आत कशी गेली हे तिचं तिलाच कळलं नाही.

"ऊठ ताई! आणि तुम्ही, ओळखपत्र दाखवा!"

म्हातारा दचकून उभा राहिला. चहाचा कप कलंडला. "मी... मी सिनेमाच्या थिएटरात होतो... यंत्र चालवायचो..."

"ओळखपत्र!"

"अगं, बस खाली," ताई दबक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत. हे पोलीस ठाण्यात भेटले होते, तू आत सह्या करत होतीस तेव्हा. बाकड्यावर. यांनाही फसवलंय."

"असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तेच."

"आणि पैसे कसले?"

"औषधाचे. सगळं गेलंय त्यांचं. निवृत्तिवेतन यायला अवकाश आहे. मुलीला सांगायची सोय नाही."

"आणि हे कोणाला सांगू नका, तुमच्या बहिणीलाही नको, असंही तेच म्हणाले असतील?"

ताईने हळूहळू मान वळवून टोपीवाल्याकडे पाहिलं. बसमध्ये एखाद्याचं तिकीट हातात घेऊन बघायची तशी. त्याच्या हातांकडे. हात कलंडलेला कप सरळ करत होते, पण त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

"म्हणालो होतो," टोपीवाला कबूल झाला. "लाज वाटते हो. दुसरं काय." मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगू का, रागावू नका. मलाही तुमचा संशयच होता. ओळख ना देख, ही बाई आपली तक्रार लिहून देते, चहा पाजते, औषधाला पैसे देते. म्हटलं, हिला काय हवंय? पैसे घ्यावेत की नको, रोज विचार करायचो."

"माझा संशय?" ताई म्हणाली. तिला एवढा अपमान वाटला की क्षणभर ती बाकी सगळं विसरली.

"मुलीला फोन लावा," धाकटीने त्याला सांगितलं.

"नको हो."

"लावा. नाहीतर मी पोलिसांना लावते. खरे असाल तर दोन्हींपैकी काहीही चालेल तुम्हाला."

त्याने लावला. बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की पलीकडून "काय? बाबा, मोठ्याने बोला, काय?" असं सगळ्या हॉटेलाला ऐकू आलं. थोड्या वेळाने मुलगी आली. बेकरीतून तशीच आली होती, केसांना जाळी, हातांना पीठ. आल्या आल्या ती बापाशी नव्हे, या दोघींशी बोलली.

"तुम्ही कोण? बाबांकडून काय घेतलंत?"

"आम्ही?" धाकटी म्हणाली.

चौघं एकमेकांकडे चोरासारखी बघत होती. हॉटेलवाला पुसायचं फडकं घेऊन आला, सांडलेला चहा पुसला आणि म्हणाला, "आणखी चहा हवा असेल तर आधी पैसे कोण देणार ते ठरवा." त्यालाही कोणाचा भरवसा वाटत नव्हता.

शेवटी ताईनेच सांगितलं. आधी स्वतःचं. पोलीस ठाण्यात तिने जबाब दिला होता, पण परक्या माणसासमोर आपणहून सगळं बोलायची तिची ही पहिली वेळ. कोट घालून कॅमेऱ्यासमोर बसायची तेही सांगितलं. मग टोपीवाल्याकडे वळून म्हणाली, "आता तुमचं तुम्ही सांगा." त्याने सांगितलं. एका बाईशी मोबाईलवर बोलणं व्हायचं, ती दवाखान्यात होती, तिची बिलं भरायची होती, आणि मुळात अशी बाई नव्हतीच. मुलगी ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. पीठ लागलेल्या हाताने तिने बापाची टोपी सरळ केली आणि म्हणाली, "रोज संध्याकाळी ताजा पाव घेऊन येते मी, तेव्हा तुम्ही झोपल्याचं सोंग घ्यायचात. मला वाटायचं, मी येते ते तुम्हाला आवडत नाही."

हॉटेलातून निघताना तिने ताईच्या नोटा परत केल्या. ताईने त्या मोजून घेतल्या.

दोघी बहिणी घरी निघाल्या. औषधाच्या दुकानाशी ताई म्हणाली, "तू माझा मोबाईल बघतेस."

"हो."

"मला माहीत होतं. तू ठेवतेस तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणत्या तोंडाने बोलू?"

मग धाकटीने तो प्रश्न विचारला, जो इतके दिवस घशात अडकून होता. "तू मला लहानाचं मोठं केलंस. तरी तुला वाटलं, मी करेन असलं?"

ताई रस्त्याच्या कडेला थांबली. तिला खोटं बोलता आलं असतं. धाकटीला ते चाललंही असतं.

"वाटलं," ताई म्हणाली. "मी काय माणसं बघितलीयत, धाकटे! चांगल्या घरची, गोड बोलणारी, रोज नमस्कार करणारी. खिशात पैसे असून तिकीट न काढणारी. आणि पकडल्यावर आईबापाची शपथ घेणारी. कोण काय करेल याची मी कधी खात्री देत नाही. तुझीही नाही देता आली."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढे चालू लागली. ताईने मागून तिचा हात धरला.

"पण ऐक. तू केलंयस असं धरून चालले मी. आणि तुला सोडवायचं की नाही, हा विचार मनात आला नाही. एकदासुद्धा नाही. वरिष्ठाच्या मेव्हण्याला उतरवणारी बाई मी. तुझ्या वेळी नियम आठवला नाही."

हे धाकटीला हवं होतं ते उत्तर नव्हतंच. पण तिने हात सोडवून घेतला नाही. जिना चढताना मात्र एवढंच म्हणाली, "मला अजून राग आहे."

"असू दे," ताई म्हणाली.

तो राग पुढे बरेच दिवस टिकला. कधी भांडी आपटून निघायचा, कधी जेवताना मध्येच. ताई ऐकून घ्यायची. शेवटी पाठवलेले पैसे खूप खेटे घातल्यावर परत आले. बाकीचे गेले ते गेलेच. गणवेशवाला सापडला नाही. अधिकाऱ्याने एकदा फोन करून सांगितलं की तो गणवेशही भाड्याचा असतो, तेव्हा ताईने त्याला विचारलं, "तुम्ही तेच कशावरून?" आणि फोन ठेवून ठाण्यात स्वतः जाऊन खात्री करून आली.

एक मात्र ताईने आपणहून सुचवलं. इथून पुढे मोठी रक्कम काढायची तर खात्यावर दोघींच्या सह्या लागाव्यात. त्यासाठी दोघी बँकेत गेल्या. तारा लावलेल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि धाकटीला नम्रपणे सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला मावशींशी एकांतात बोलायचंय. नियम आहे."

धाकटी काचेबाहेर बसली. आत बोलणं चाललं होतं. मुलगी काहीतरी विचारत होती, ताई विचारात पडल्यासारखी छताकडे बघत होती. मुलीने एकदा काचेतून धाकटीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, आणि या खेपेला नजर जरा कडक होती.

ताई बाहेर आली.

"काय विचारलं?" धाकटीने घाईघाईने विचारलं.

"ही बाई तुमच्यावर दबाव टाकते का, असं विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तसं पटकन सांगता येणार नाही," ताई म्हणाली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. "आता तुला बोलावलंय आत. ओळखपत्र घेऊन जा."